मनगटाचं माप

"सोडा! सोडा त्याचा हात!" वकीलसाहेब दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले. "अण्णाजी, कोणाचं मनगट धरून बसलात? हा आमच्या हिवरखेडच्या महारवाड्यातला!"

अण्णाजीनं माझा हात टाकला. जळता निखारा टाकावा तसा. मग आपला हात धोतराला पुसला. पुन्हा पुसला. इतका पुसला की धोतर विरून अख्ख्या अकोल्याला आतलं दर्शन झालं असतं.

घटकाभर आधी हाच माणूस मला 'या साहेब, बसा साहेब' म्हणत होता. माझ्या पँटची इस्त्रीच तशी होती. तिच्या धारेवर भेंडी चिरावी. अण्णाजीचं घड्याळांचं दुकान बाजारात नावाजलेलं, ते त्याच्या एका रीतीमुळे. पट्टा तो नुसता विकत नसे. गिऱ्हाइकाचं मनगट आपल्या हातात घ्यायचा, पट्टा गुंडाळून बघायचा, बोट घालून ढिला की घट्ट ते पाहायचा अन् मगच आरीनं भोक पाडायचा. शेटजी असो की हमाल, रीत तीच. माझंही माप अर्धं झालं होतं.

घड्याळ काय सांगू! बड्या साहेबांच्या मनगटावर असतं तसं विलायती. उन्हात हात वर केला तर बाळापूरच्या किल्ल्यावरची घार आंधळी व्हावी. अर्थात नकली. मॅट्रिक झालो तेव्हा अमरावतीत एका फेरीवाल्याकडून घेतलेलं. वर सोन्याचं पाणी. आत काय होतं ते देवच जाणे, अन् देव तर आम्ही दीक्षा घेतली तेव्हाच सोडलेले. पण वेळ मात्र बरोबर दाखवायचं.

त्या वेळेवरच माझी नोकरी अडली होती. कापसातली सरकी काढणाऱ्या जीनमध्ये टाइमकीपरची जागा निघाली होती. मॅनेजर म्हणाला होता, "घड्याळ स्वतःचं पाहिजे, अन् मनगटावर पाहिजे. खिसे चाचपणारा टाइमकीपर मला नको. संध्याकाळच्या भोंग्याच्या आत बांधून ये. नाहीतर दुसरा उभाच आहे." अन् त्याच दिवशी पट्टा तुटला. घामानं कुजलेला पट्टा, त्यालाही आजचाच मुहूर्त सापडला.

"कुठून मारली रे ही घडी?" अण्णाजीनं विचारलं.

आता काय सांगावं? खरी म्हणावं तर मी चोर. खोटी म्हणावं तर मी लबाड. मधे उभं राहायला जागाच नाही.

"नकली हाय," मी म्हणालो.

"मोठ्यानं सांग. सगळ्याइले आयकू दे."

"नकली हाय!"

दुकानातल्या बाकड्यावर बसलेले दोघं फिदीफिदी हसले. एक म्हणाला, "बौद्ध झाले म्हणते. ते बी असंच असंन. वरून सोन्याचं पाणी."

मी, ज्याच्या गप्पांपुढे तेल्हाऱ्याचा बाजार उठायचा नाही, तो मी पँटची इस्त्री बघत उभा होतो.

अण्णाजी म्हणाला, "जाय. पट्टा नाही तुह्यासाठी."

तेव्हा वकीलसाहेबच हळूच बोलले, "नाही म्हणू नका, अण्णाजी. कायदा झालाय. पट्टा द्या. फक्त माप दोरीनं घ्या. दोरीला कोणतंही कलम लागत नाही."

अण्णाजीचा चेहरा उजळला. त्यानं सुतळीचा तुकडा काढला अन् फूटपट्टीनं माझ्याकडे ढकलला. "मनगटाले गुंडाळ. गाठ मार. अन् काढून काचेवर ठेव."

"अण्णाजी, नोकरी हाय हो," मी म्हणालो. "भोंग्याच्या आत पोचा लागते. घ्या ना माप."

"म्हणून तर दोरी देल्ली. काहून रडून राहिला?"

मी दोरी उचलली. होय, उचलली. मनगटाला गुंडाळली. गाठ मारायला लागलो अन् डोळ्यांपुढे गावचा बैलबाजार आला. दावं घ्यायचं तर बैलाच्या मानेचं माप घेतात. पण घेणारा आधी त्याच्या मानेवरून हात फिरवतो. बैलाला हात लावतात.

मी दोरी सोडली. खाली टाकली. अन् हात काउंटरच्या काचेवर ठेवला. पालथा. पसरून.

"माप घ्या. हातानं. सगळ्याइचं घेता तसं."

"हात काढ."

"माप घ्या."

"पोलीस बोलावतो!"

"बोलवा. त्यायलेबी इचारू, दोरी काहून देल्ली ते."

वकीलसाहेबांनी छत्री उचलली, "मला कोर्टाचं काम आहे," म्हणाले अन् गेले. त्या वेळी कोर्ट कधीच उठलं होतं. बाकड्यावरचेही निघाले. अण्णाजी एका घड्याळात डोकं घालून बसला. मी दिसतच नाही जणू.

हात मी काचेवरच ठेवला. इथं मी काही वाढवून सांगत नाही. एवढं खोटं बोलणारा मी, पण त्या घटकेत तिखटमीठ घालायची हिंमत मला अजून होत नाही. दोरी पायाशी पडली होती. वाकलो असतो तर नोकरी होती. घरी चूल दोन वेळा पेटली असती.

भोंगा वाजला. अख्ख्या अकोल्यानं ऐकला.

अण्णाजीनं दिवा लावला नाही. दुकानाच्या फळ्याच लावायला घेतल्या. शेवटची फळी लागायच्या आधी मी बिनपट्ट्याचं घड्याळ खिशात टाकून बाहेर पडलो.

माय त्याच जीनमध्ये कापूस निवडायची. मी अकोल्यातल्या आमच्या वस्तीवर पोचलो तेव्हा ती नुकतीच कामावरून आली होती. मी तिला सगळं सांगितलं. दोरीचं, हसण्याचं, भोंग्याचं. म्हणालो, "माय, नोकरी गेली. पण पट्टा घेईन तर त्याच दुकानातून. त्यानं माह्या मनगटाले हात लावल्यावरच. रोज जाईन. त्याच काचेवर हात ठेवीन. दोरी या जन्मात नाही."

वाटलं, ती रडेल. नाहीतर चुलीतलं लाकूड घेऊन उठेल; नोकरी घालवणाऱ्या पोराला दुसरं काय मिळणार?

तिनं लुगड्यावरचा कापूस झटकला.

"दुकान किती वाजता उघडते?" म्हणाली.