शंभरापर्यंत मोजणं

ओटिलिया ऊर्फ ओटी क्रांझ सूतगिरणीत कामाला होती आणि अख्ख्या गावात तिच्याइतकं दमदार धावणारं कुणी नव्हतं, पुरुष धरून. तिला तयार केलं गावच्या धावण्याच्या क्लबच्या ब्रांटमास्तरांनी. त्यांची एक शिस्त होती: धावून झालं की गवतावर उताणं पडायचं, पाय वर करायचे आणि शंभरापर्यंत मोजायचं. येणारेजाणारे म्हणत, "पडल्या बघा मास्तरांच्या शेळ्या."

१९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदाच आठशे मीटर धावू दिलं. ओटी सहावी आली आणि सवयीने गवतावर आडवी झाली. सदुसष्टपर्यंत मोजून झालं होतं, तोच दोघांनी तिला उचलून स्ट्रेचरवर घातलं. "अहो, माझं मोजायचं राहिलंय," ती सांगत होती, पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, बायका धडाधड बेशुद्ध पडल्या.

गावी परतल्यावर ती त्यावर हसायची. मास्तर तिथेच होते, ते सांगतील की खरं काय ते. चार वर्षांनी पुन्हा आठशे धावायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

हिवाळ्यात खानावळीच्या हॉलमध्ये क्लबची सभा भरली. बायकांचं आठशे मीटर ठेवायचं की काढायचं, असं वरून, महासंघाकडून विचारलं होतं. बायकांना मत नव्हतं, त्या मागच्या बाकांवर. मास्तर बिअरचा घोट घेऊन उठले.

"मी स्वतः पाहिलंय," ते म्हणाले. "पोर कोसळली. हे बायकांचं काम नव्हे."

ओटी ताडकन उभी राहिली. "मास्तर, मला आडवं व्हायला शिकवलं कोणी?"

"खाली बस, ओटी." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. सगळे हात वर झाले, मास्तरांचा सगळ्यांत आधी.

बाहेर तिने त्यांना गाठलं.

"अगं, वरचे लोक तुमचा बायकांचा विभागच बंद करायला निघाले होते," मास्तर टोपी चाचपत म्हणाले. "शंभर मीटर तरी वाचवले मी."

"मला बेशुद्ध पाडून?"

मास्तर टोपी डोक्यावर दाबून निघून गेले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

ऑलिंपिकमध्ये बायकांना बत्तीस वर्षं ते अंतर बंद राहिलं. ओटी पोरींना शंभर मीटर शिकवत म्हातारी झाली. शर्यतीनंतर कुणी गवतावर टेकलं की ती ओरडायची, "उठ. पाय लटपटू देत, पण उभी राहा."

"इथे कोण बघतंय, बाई?" एकदा एका पोरीने विचारलं. "सगळी आपलीच तर माणसं आहेत."

"म्हणूनच," ओटी म्हणाली.