टेओफिल पोलोचेकचे तीन दात

टेओफिल पोलोचेकने आपला पहिला सॅक्सोफोन घेतला तो बापाची कबुतरं देऊन, आणि तेही बापाला न विचारता.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. टेओफिल तेव्हा बावीस वर्षांचा. दोन वर्षं कुणाच्या तरी वर्दीत आणि काही महिने युद्धकैद्यांच्या छावणीत काढून तो पोलंडच्या कोळशाच्या मुलखात, श्लोंस्कला, घरी परतला होता आणि त्याचा बाप विल्हेल्म ज्या कोळशाच्या खाणीत तीस वर्षं उतरत होता, त्याच खाणीत कामाला लागला होता. खाणीचा स्वतःचा पितळी बँड होता. विल्हेल्म त्यात ट्यूबा वाजवायचा, टेओफिल क्लॅरिनेट. लग्न असो, मयत असो, खाणकामगारांची रक्षणकर्ती संत बार्बारा हिचा सण असो, बापलेक काळे कोट चढवून, टोप्यांवर पिसं खोचून एका रांगेत चालायचे. टेओफिलला त्यात कमीपणा वाटायचा असं नाही. पण छावणीत पहारेकऱ्याच्या रेडिओवर त्याने एका दुपारी जॅझ ऐकलं होतं. वाजवणारा कोण होता ते त्याला कधीच कळलं नाही. त्या दिवसापासून मात्र त्याच्या डोक्यात काहीतरी वेगळंच वाजत होतं, आणि ते क्लॅरिनेटवर उतरत नव्हतं.

केंपा न्हाव्याच्या दुकानात आरशामागे एक सॅक्सोफोन लटकत होता. न्हाव्याच्या भावाचा, भाऊ लढाईतून आलाच नव्हता. केंपाला पैसे नको होते. त्या दिवसांत आज हातात असलेल्या नोटांचं उद्या काय होईल, कुणी सांगावं? त्याला कबुतरं हवी होती, आणि शर्यतीची कबुतरं विल्हेल्म पोलोचेकच्या ढाबळीत होती तशी आसपास कुणाकडे नव्हती.

शनिवारी बाप कामावर असताना टेओफिलने निळा नर आणि पांढऱ्या पंखांची मादी टोपलीत घातली आणि सॅक्सोफोन घेऊन आला. रविवारी सकाळी केंपाने हौसेने पिंजरा उघडला. दोन्ही कबुतरं दुकानावर एक फेरी मारून थेट पोलोचेकांच्या ढाबळीत येऊन बसली. शर्यतीची कबुतरं ती, त्यांना दुसरं काय येणार?

केंपा धापा टाकत दारात आला. घरात तेव्हा जेवणं चालली होती.

"पोलोचेक, बाहेर या! तुमच्या पोराने मला फसवलंय!"

"कुठल्या पोराने?" विल्हेल्म हातातला चमचा न ठेवताच बाहेर आला. "मला एकच आहे, आणि तो बिनडोक आहे, लबाड नाही."

सगळा प्रकार ऐकल्यावर विल्हेल्म मागे वळला. टेओफिल त्याच्यामागे उभा होता. आता बाप सॅक्सोफोन उचलून केंपाच्या हातात देणार, याची त्याला खात्री होती.

"वाजव," विल्हेल्म म्हणाला.

"काय?"

"ज्याच्यासाठी माझा निळा दिलास ते वाजव. ऐकू तरी दे."

एका रात्रीत जे जमलं होतं ते टेओफिलने वाजवलं. ते काही फार बरं नव्हतं. विल्हेल्मने ऐकून घेतलं, मग ढाबळीत गेला आणि पिंजऱ्याबाहेर कधी न उडालेली दोन पिल्लं घेऊन आला. केंपाला म्हणाला, "ही ने. ही तुझ्याकडेच उडायला शिकतील, म्हणजे तुझ्याकडेच परत येतील. आणि त्या मोठ्यांना आता मागू नकोस, त्यांनी त्यांचा निर्णय घेतलाय." केंपा गेल्यावर मुलाकडे वळून तो म्हणाला, "बरं वाजवशील तेव्हा मला बोलव. तोवर खाली कोळशाच्या कोठीत बस."

वर्षभर टेओफिल कोठीतच बसला.

दुसऱ्या वर्षी त्याने खाणीतलेच सहा जण गोळा करून वाद्यवृंद उभा केला. ड्रम वाजवायला गेरार्ड होता. खाणीत सुरुंग लावण्याचं काम करणारा हा माणूस लहानपणापासूनचा त्याचा मित्र. खाणीच्या सभागृहात ते शनिवारी नाचासाठी वाजवायचे. नाचायला दिवेघरातली फ्रिडा यायची. खाणीत उतरताना प्रत्येकाला त्याच्या नंबरचा दिवा तीच द्यायची, त्यामुळे हजारभर माणसांचे नंबर तिला पाठ होते. टेओफिल तिसऱ्यांदा तिच्याशी बोलायला आला तेव्हा ती म्हणाली, "तीनशे अठरा, तुम्ही नेहमी मीच खिडकीत असताना दिवा परत करता. दुसऱ्या खिडकीत गर्दी असते वाटतं?"

"तिथे गर्दी नसते," टेओफिल म्हणाला, "पण तिथे तुम्ही नसता."

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

मग एक दिवस सभागृहावर नवे संचालक आले. नाव जारेंबा, राहणारे वॉर्साकडचे, सडपातळ, चष्मेवाले. त्या काळात वरून हुकूम यायचे तसा एक हुकूम त्यांच्या हातात होता: जॅझ ही सडक्या भांडवलशाहीची करमणूक आहे, कामगारांच्या सभागृहात ती चालणार नाही.

"पोलोचेक, हे वाद्य अमेरिकन आहे," जारेंबा म्हणाले.

"नाही साहेब. ज्याने बनवलं तो बेल्जियमचा. सुताराचा मुलगा होता, कष्टकरी घरातला."

जारेंबांनी चष्मा पुसला. "आणि तुम्ही वाजवता ते काय?"

टेओफिलने कार्यक्रमाचा कागद पुढे केला. गेरार्डने आणि त्याने आदल्या दिवशी बसून सगळ्या चिजांना नवी नावं दिली होती: 'तिसऱ्या पाळीचा आनंद', 'सुरुंगवाल्यांचं नृत्य', 'डोंगरी मेंढपाळाचं गाणं'. जारेंबा शनिवारी पहिल्या रांगेत येऊन बसले. मेंढपाळाच्या गाण्यात गेरार्डने असा काही धुमाकूळ घातला की मागची पोरंपोरी खुर्च्या सरकवून नाचायला लागली. संचालकांचा बूट जमिनीवर ताल धरत होता. स्वतः संचालक तो थांबवायचा प्रयत्न करताना टेओफिलला स्पष्ट दिसत होते.

कार्यक्रम संपल्यावर ते रंगमंचामागे आले. "ही मेंढपाळाची धून कुठल्या डोंगरांतली?"

"पलीकडच्या, साहेब."

"त्या डोंगरांतल्या लोकांना सांगा, जरा हळू वाजवत जा. ऐकायला आणखीही लोक येतात." एवढं बोलून ते निघून गेले. त्या काळी एवढं पुरेसं होतं. वाद्यवृंद टिकला.

तो मोडायला आला तो वेगळ्याच कारणाने. एकोणीसशे त्रेपन्नच्या मार्चमध्ये, सकाळच्या पाळीत, टेओफिलच्या डोक्यावरच्या छताचा एक तुकडा सुटला. लाकडी टेकू उसळून त्याच्या तोंडावर बसला. वरचे पुढचे तीन दात गेले, वरचा ओठ नाकापर्यंत फाटला. पाळी संपली तेव्हा दिवेघरात तीनशे अठराचा दिवा आला नाही. फ्रिडाने खिडकी बंद केली आणि कुणालाही न विचारता खाणीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

ओठ शिवला गेला. जीव वाचला, हेच खूप, असं सगळे म्हणत होते, आणि ते खरंच होतं. पण सॅक्सोफोन वाजवायला वरचे दात चोचीवर, म्हणजे फुंकायच्या टोकावर, टेकावे लागतात आणि ओठाने कडेने हवा अडवावी लागते. टेओफिलने घरी आल्यावर आठवडाभराने प्रयत्न केला. हवा जखमेच्या बाजूने निसटली, लाळ गळली, सूर निघालाच नाही. त्याने सॅक्सोफोन पुसून पेटीत ठेवला आणि पेटी पलंगाखाली सरकवली.

खाणीने त्याला वर, कोळसा निवडायच्या पट्ट्यावर काम दिलं. तो बोलेनासा झाला. बोलताना शिट्टीसारखा आवाज यायचा, त्याची त्याला लाज वाटे. सभागृहाकडे तो फिरकला नाही. मे महिन्यात गेरार्ड घरी आला, न सांगता खुर्ची ओढून बसला.

"तुझ्याशिवाय आम्ही चार बकऱ्या ओरडल्यासारखे वाजतो," तो म्हणाला.

"तुमच्यात सहा जण आहेत."

"दोघे लाजून वाजवत नाहीत."

फ्रिडा सूप वाढत होती. टेओफिलला हसू आलं, आणि हसताना ओठ दुखला. "मी येऊन काय करू? मला फुंकता येत नाही."

"कान तर जागेवर आहेत ना?" फ्रिडा म्हणाली. "घरी बसून माझ्या फरशी पुसण्याला तालात नाही म्हणून नावं ठेवतोस, त्यापेक्षा जा आणि त्यांना नावं ठेव."

तो गेला. पहिल्यांदाच तो वाद्यवृंदासमोर उभा राहिला. इतकी वर्षं तो त्यांच्यातच बसून वाजवत आला होता, स्वतःचाच सूर ऐकत. समोरून ऐकल्यावर त्याला कळलं की ट्रंपेट नको तिथे ओरडतोय आणि ट्रॉम्बोनकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे पण त्याला कुणी जागाच देत नाही. त्या रात्री त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरले आणि प्रत्येकासाठी वेगळं लिहायला घेतलं. कुठे कोण बोलेल, कुठे कोण गप्प बसेल. आधी चुका झाल्या. ट्रॉम्बोनवाल्याला त्याने असा स्वर लिहून दिला की तो म्हणाला, "यासाठी मला आणखी एक हात लागेल." पण पावसाळी शरद संपेपर्यंत सहा जणांचे दहा झाले होते, आणि शेजारच्या खाणींतून माणसं मुद्दाम ऐकायला यायला लागली होती.

दातांचं मात्र तसंच होतं. खाणीच्या दवाखान्यात दंतवैद्य म्हणून डॉक्टर सोखा यायच्या. साठी उलटलेल्या, दमेकरी, बोलायला फटकळ. त्यांनी त्याला नकली दात बसवायला बोलावलं आणि विचारलं, "जेवायला हवेत की दाखवायला?"

टेओफिल घुटमळला. "सॅक्सोफोनसाठी."

"मग आधी सांगायला काय झालं होतं? जा, ते घेऊन या. रिकाम्या तोंडाचं माप घेऊन मला काय कळणार?"

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन गेला. सोखाबाईंनी चोच त्याच्या तोंडात धरायला लावली, टॉर्चचा उजेड पाडला, पुटपुटल्या, पुन्हा माप घेतलं. पहिल्या खेपेचे दात फुंकताच हलले. दुसऱ्या खेपेचे घट्ट बसले, पण सुरासोबत टकटक वाजायला लागले. बाहेर रांगेत बसलेले खाणकामगार आत काय चाललंय म्हणून दाराला कान लावायचे. तिसऱ्या खेपेला, सात महिन्यांनंतर, एक सूर निघाला. जाड, खरखरीत, अर्धी हवा मिसळलेला.

"हा काय आवाज?" टेओफिल म्हणाला. "हा माझा नाही."

"तुमचा पहिला आवाज मी ऐकला नव्हता," सोखाबाई म्हणाल्या. "हा मला आवडला. आता उठा, बाहेर एकाची दाढ सुजलीय."

पुढची दोन वर्षं तो रोज एकच एक सूर लांब धरून बसला. पूर्वीसारखी धावती बोटं आता उपयोगाची नव्हती; ओठ दहा मिनिटांत थकायचा. मग त्याने कमी सूर वाजवायचं ठरवलं, आणि जे वाजवायचे ते पूर्ण वाजवायचे. फ्रिडा दुसऱ्या खोलीत इस्त्री करायची. एकदा इस्त्रीचा आवाज थांबला आणि बराच वेळ पुन्हा आलाच नाही. टेओफिलने दारातून डोकावलं. ती तशीच उभी होती, इस्त्री खाली ठेवून.

"शर्ट जळला का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "वाजव तू."

छप्पन्न साली देशातली हवा बदलली. हुकूम सैल झाले. जारेंबांनी स्वतःच्या हाताने सभागृहाबाहेर फलक लावला आणि त्यावर 'जॅझ' हा शब्द एवढा मोठा लिहिला की बाकीच्या मजकुराला जागा उरली नाही. त्याच वर्षी संत बार्बाराच्या सणाला, चार डिसेंबरला, पितळी बँड नेहमीसारखा पहाटे वस्ती जागवत निघणार होता. आदल्या दिवशी विल्हेल्म मुलाकडे आला. आता तो निवृत्त झाला होता, पण ट्यूबा सोडली नव्हती.

"उद्या तू येतोस," तो म्हणाला.

"बाबा, क्लॅरिनेट मी सोडली त्याला किती वर्षं झाली."

"क्लॅरिनेट कुणी म्हटलं? मी बँडमास्टरशी बोललोय. तो म्हणाला, या बँडात सॅक्सोफोन कधी आला नाही. मी म्हटलं, मग आता येईल."

थंडी अशी होती की वाद्यांच्या चाव्यांना बोटं चिकटत होती. काळे कोट, डोलणारी पिसं, आणि रांगेत मधोमध टेओफिल, शेजारी बाप. लाल विटांच्या घरांच्या खिडक्या एकामागून एक उजळल्या. चौकात बँड थांबला तेव्हा बँडमास्टरने बाकीच्यांना हाताने शांत केलं आणि टेओफिलकडे पाहिलं. त्याने बार्बाराचं जुनं स्तोत्र वाजवलं, सावकाश, त्या खरखरीत आवाजात. खाली विल्हेल्मच्या ट्यूबाचा एकच सूर धरलेला होता. खिडक्यांतल्या बायका शाली लपेटून ऐकत राहिल्या. डॉक्टर सोखा घराच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि जवळून जाताना त्यांनी फक्त त्याचे दात पाहिले आणि मान डोलावली.

"आता बरं वाजवतोस," विल्हेल्म पुढे चालताना म्हणाला.

दोन वर्षांनी टेओफिलने खाण सोडली. त्याचा सोळा जणांचा वाद्यवृंद पुढची एकतीस वर्षं चालला. प्राग, बुडापेस्ट, बर्लिन, एकदा स्टॉकहोमसुद्धा. वॉर्साच्या रेडिओने त्याला कायमचं बोलावलं होतं. तो सहा महिने गेला आणि परत आला. तिथले वादक उत्तम आहेत, पण तालीम संपल्यावर आपापल्या घरी जातात, एवढंच कारण त्याने सांगितलं. स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं की हा माणूस श्वास मोजून खर्च करतो. ते कुणीतरी भाषांतर करून वाचून दाखवलं तेव्हा गेरार्ड म्हणाला, "सुरुंग लावताना आम्हीही तेच करतो, पण आमच्याबद्दल कुणी छापत नाही."

आज टेओफिल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. वाजवतो ते दिवसाला पंधरा मिनिटं, दुपारच्या जेवणाआधी. बाकी वेळ लिहितो. शेजारच्या होझुव शहरातल्या संगीत शाळेच्या मुलींनी आपला बारा जणींचा वाद्यवृंद काढलाय आणि त्यांच्यासाठी तो नवी चीज बांधतोय. परवा त्यांची ट्रॉम्बोनवाली कागद घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही मला इथे आठ मात्रा गप्प बसवलंय. का?"

"कारण नवव्या मात्रेला सगळे तुझ्याकडे बघणार आहेत," टेओफिल म्हणाला. "बस, वाजवून दाखव."

फ्रिडाने स्वयंपाकघरातून विचारलं, पोरगी जेवायला थांबणार का. पोरगी तोवर ट्रॉम्बोन जोडायला लागली होती.