लाल गालांची नवरी मुलगी

धाकट्या दिरासाठी मुलगी बघायला निघालो, तेव्हा सासूबाईंनी मला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. हा मान मला पहिल्यांदाच मिळत होता, तोही मी नर्स होते म्हणून. "सिस्टरबाई," त्या म्हणाल्या, "बाहेरनं समद्याच बऱ्या दिसत्यात. तू आत जाऊन नीट बघून ये." अवसरी खुर्दपासून बोरी बुद्रुकपर्यंत मी तपासनिसाच्या थाटात बसले होते. नव्वदच्या दशकात सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणजे घरच्यांना अर्धी डॉक्टर वाटायची, आणि हा गैरसमज दूर करायची मला कधीच घाई नव्हती.

मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि ओसरीवरची कुजबुज थांबली. गोरा रंग आणि दोन्ही गालांवर अशी लाली, की दिराच्या हातातली बशी कलंडली. सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, की ही सून आणली तर गावातल्या बायका मुद्दाम आपल्या दारावरून पाण्याला जातील.

मीही हरखूनच बघत होते. पण बघता बघता त्या लालीत मला निळसर छटा दिसली. ओठांवरही तीच. स्वयंपाकघर ते ओसरी एवढंच ती चालली होती, आणि श्वास मात्र डोंगर चढून आल्यासारखा लागला होता.

मुलीशी जरा बोलते म्हणून मी तिला माजघरात नेलं. तिची आई दाराशी उभी राहिली. मी मनगट धरलं. नाडी बारीक, पण नेमाने चालत होती. मानेच्या शिरा फुगल्यात का बघितलं, घोट्यावर अंगठा दाबून खळगा राहतो का बघितलं. सूज नव्हती. जबड्याखाली बोटं फिरवली, तिथे गाठ लागली नाही, पण माझी बोटं बघून आईलाच आठवलं. लहानपणी हिचा घसा सारखा धरायचा, इथं गाठी यायच्या, आणि एकदा तापात सांधे सुजले ते असे, की आज गुडघा तर उद्या मनगट. असला ताप सांधे सोडतो आणि हृदय धरतो, हे मला माहीत होतं. मी मुलीला डाव्या कुशीवर निजवलं आणि छातीच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, तळहात ठेवला.

माझ्या तोंडाचा पट्टा जन्मात कुणाला थांबवता आला नव्हता. तो तिथे थांबला. मांडीवरचं मांजर गुरगुरावं तसं माझ्या तळहाताखाली एक हृदय गुरगुरत होतं. हे मी वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते, पण हाताला कधी लागलं नव्हतं. आतली झडप अरुंद झाली की रक्त घासटत जातं, आणि ती थरथर मांस, बरगडी, कातडी ओलांडून बाहेर येते. एवढ्याशा फटीतून या मुलीने स्वतःला वर्षानुवर्षं चालवलं होतं. कांदे काढले होते, हंडे वाहिले होते, आणि वर ती हसतही होती. मला हात उचलवेना.

बाहेर सासूबाई निकालाची वाट बघत होत्या. मुलीच्या हृदयात दोष आहे एवढं ओसरीवर बोलले असते, तर संध्याकाळच्या आत ते ओतूरच्या बाजारात पोचलं असतं आणि पुन्हा त्या घरात पाहुणा आला नसता. न बोलावं, तर लग्न, मग बाळंतपण, आणि ते या हृदयाला झेपणारं नव्हतं.

"हे तुझं आहे, म्हणून आधी तुलाच सांगते," मी म्हणाले. झडप काय असते, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात शिरेतून फुगा सरकवून ती कशी उघडतात, सगळं सांगितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली.

मुलीने विचारलं, "ताई, झडप उघडली तर मला दम पुरंल?"

"पुरेल."

"आन आधी लगीन केलं तर?"

मी नाही अशी मान हलवली.

ओसरीवर आले. "मग सिस्टर, कशी वाटली?" सासूबाईंनी विचारलं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, तरी मी भाषणाच्या पवित्र्यात तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"पावणं, राग मानू नका. मला आत्ता लगीन न्हाई करायचं."

सुपारी कातरणारा अडकित्ता तसाच उघडा राहिला. मुलीने नकार द्यायचा, तोही ओसरीवर, हे आमच्या जीपमधल्या कुणाच्या बापजन्मी घडलं नव्हतं. परतताना सासूबाईंनी तिच्या पोह्यांपासून उंचीपर्यंत सगळ्यात खोट काढली. "रंगाचा माज, दुसरं काय," असं त्या घर येईपर्यंत म्हणत होत्या. दीर खिडकीबाहेर बघत बसला. हृदयाचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही, आणि मीही, आश्चर्य म्हणजे, गप्प बसले.

पुण्यात तिची झडप उघडली. पुढे तो सांध्यांचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर महिन्याचं इंजेक्शन घ्यायला ती हट्टाने आमच्याच दवाखान्यात आली, आईला घेऊन. मी तळहात ठेवला. गुरगुर नव्हती, सरळ, साधे ठोके होते. मग मला राहवेना. मी स्टेथोस्कोप तिच्याच कानात घातला आणि दुसरं टोक तिच्या छातीवर धरलं.

बराच वेळ ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"ताई, हे मी निजल्यावरबी चालूच असतंय?"

"असतंय की."

तिने कानातून नळ्या काढल्या नाहीत. टोक तेवढं माझ्या हातातून घेतलं आणि आईच्या पदराखाली सरकवलं. "काय गं येडे," आई लाजून म्हणाली, आणि लेकीला नीट ऐकू यावं म्हणून श्वास रोखून उभी राहिली.