पाथरटोल्याच्या दोन जानकी

रिना खोब्रागडे मूळची नागभीडची. वडील रामाजी रेल्वेत ट्रॅकमन होते. पोरगी लहानपणापासून भित्री. परीक्षेला बसली की आपला बैठक क्रमांक पाच-पाच वेळा वाचायची, घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत येऊन ओढून बघायची. एवढी घाबरणारी पोरगी नोकरी कशी करणार, असं आई सत्यशीलाबाई शेजारणींना सांगायच्या.

नोकरी मिळाली ती धानोऱ्याला, सिकलसेलची तपासणी करणाऱ्या एका लहानशा संस्थेत. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून रक्तात येणारा आजार. ज्याला तो दोघांकडून आल्याने पूर्ण असतो त्याला रोज गोळी लागते, पाणी भरपूर लागतं, फार कष्ट झेपत नाहीत. बाई गरोदर असली तर डॉक्टरची नजर सतत तिच्यावर हवी. शिबिरांतून लोकांच्या याद्या यायच्या. त्या संगणकात बसवायच्या आणि कोणत्या घरी कधी जायचं ते कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर दाखवायचं, असं सॉफ्टवेअर रिनाने एकटीने बांधलं होतं. कोड लिहायला आणि याद्या चढवायला ती एआय सहायकाची मदत घ्यायची.

पहिल्या पहिल्यांदा त्या सहायकाला प्रत्येक वेळी सगळं नव्याने सांगावं लागे. तारखेत आधी दिवस, मग महिना. ‘उसेंडी’ हे कुठे ‘उसेंडे’ असं लिहिलेलं असतं, ते एकच आडनाव. एखाद्या दिवशी यातलं एखादं सांगायचं राहून गेलं तर, या धास्तीने तिने स्किल तयार केलं. त्यात जादू काही नव्हती. एक फोल्डर, आणि त्यात साध्या भाषेत लिहिलेली एक फाइल. ही कोणत्या कामासाठी आहे ते वर लिहायचं, काम कसं करायचं त्या पायऱ्या खाली. मग तसं काम निघालं की सहायक आपणहून ती फाइल उघडतो आणि लिहिलंय तसंच करतो. त्यातली सहावी पायरी रिनाने अशी लिहिली होती: नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली तर दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या समजाव्या आणि नंतरची नोंद ठेवावी.

तीच माणसं दोन-दोन शिबिरांत येत, म्हणून ही पायरी. पहिल्या तीन याद्या तिने ओळ न् ओळ हाताने तपासल्या. एक चूक निघाली नाही. चौथीपासून तिने तपासणं सोडलं. मूल या गावी अशाच कामावर असलेला तिचा वर्गमित्र लोकेश, त्यालाही तिने ते फोल्डर दिलं. संस्थेच्या डॉक्टर दिव्यानी मॅडमनी बैठकीत तिचं कौतुक केलं, तेव्हा तिला खरंच वाटलं की आता आपली भीती सुटली.

दिवाळी होऊन धानाची कापणी सुरू झाली होती. पत्रूभाऊ नरोटी हा संस्थेचा जुना कार्यकर्ता. चार महिने दुसऱ्या भागात काम करून तो आपल्या गावांवर परतला होता. सकाळी ऑफिसात येऊन त्याने मोबाइल रिनासमोर धरला.

"मॅडम, माह्या यादीतून पाथरटोल्याची जानकी काऊन गेली? आठवा महिना चालू आहे तिले."

रिनाने नाव शोधलं. जानकी उसेंडी, पाथरटोला, जन्म एक जानेवारी २००२. सिकलसेल नाही.

"ते दुसरी जानकी," पत्रूभाऊ म्हणाला. "तिचा नवरा लालसू, हिचा मुखरू. एकाच घराण्यात दोघी सुना."

दोघींची तारीख एक कशी, हे रिनाने विचारलं तेव्हा पत्रूभाऊला नवल वाटलं. ज्याला जन्मवर्षच तेवढं माहीत, त्याच्या आधार कार्डावर एक जानेवारीच लागते, असं त्याने समजावून सांगितलं. अर्ध्या गावाचा जन्म एक जानेवारीचा. फेब्रुवारीच्या शिबिरात आजारी जानकीची नोंद झाली, एप्रिलच्या शिबिरात निरोगी जानकीची. जुलैमध्ये या याद्या चढल्या, तेव्हा सहाव्या पायरीने दोघींची एक केली आणि नंतरची ठेवली.

तिने सहायकाला विचारलं, या पायरीने आजवर किती नोंदी एकत्र झाल्या. त्याने आधीच्या कामांची नोंद चाळून लगेच उत्तर दिलं: अकरा गावांत एकसष्ट. शिबिरांतल्या मूळ याद्या शाबूत आहेत, त्यांवरून या जोड्या पुन्हा वेगळ्या करता येतील, हेही त्याने लिहिलं. रिनाला पुढचं वाचवेना. एकसष्ट या आकड्यापाशीच तिची नजर अडकली. हाताने काम केलं असतं तर एखाददुसरी चूक झाली असती. तिने चूक शिकवून ठेवली होती, आणि ती न कंटाळता गावोगाव जात राहिली होती.

तिने आधी लोकेशला फोन लावून काम थांबवायला सांगितलं. त्याने तिचं फोल्डर दोन याद्यांवर चालवलं होतं. ऐकल्यावर तो त्या दोन्ही याद्या हाताने तपासायला बसला. मग ती दिव्यानी मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. नोकरी सोडते, असं म्हणाली. मॅडमनी मान वर केली.

"आधी जानकीकडे जा, आत्ताच. नोकरीचं नंतर बोलू."

पाथरटोल्यात फोन लागत नव्हता. पत्रूभाऊच्या मोटरसायकलवर मागे बसून रिना निघाली. चौतीस किलोमीटरचा रस्ता, दोन्हीकडे रान. एरवी या वाटेने जाताना तिला अस्वलाची भीती वाटायची. त्या दिवशी झाडीकडे तिचं लक्षही गेलं नाही. आठवा महिना, अंगात हा आजार, कापणीचे दिवस, गोळी नाही, पाणी वेळेवर नाही. तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा तेच येत होतं.

मुखरूच्या घराला बाहेरून कडी होती. पत्रूभाऊने पलीकडच्या खळ्यावर गोंडीत हाक मारली आणि एक बाई डोक्याला पदर बांधत आली. तीच दुसरी जानकी, धट्टीकट्टी, हातात विळा. आपली जाऊ तीन दिवसांपूर्वी माहेरी गेली, असं तिने सांगितलं. जाताना ती कमरेत वाकून चालत होती म्हणे.

माहेर रानातून चार किलोमीटरवर. अर्ध्या वाटेत मोटरसायकल ठेवावी लागली. उरलेली वाट रिना जवळजवळ पळतच गेली.

जानकी अंगणात खाटेवर पडलेली होती. गुडघ्यांना फडकी आवळून बांधलेली, डोळे पिवळसर, ओठ कोरडे. श्वास चालू आहे हे दिसल्यावर रिना खाटेजवळ बसली. जानकीच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पांढरं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. सिकलसेल आढळला नाही, असं त्यावर छापलं होतं. ती कार्डं जुलैमध्ये रिनाच्याच सॉफ्टवेअरमधून निघाली होती आणि बाजाराच्या दिवशी नाव पुकारून वाटली गेली होती.

"रिपोर्ट तं नॉर्मल आहे," आई म्हणाली. "मंग पोरीचे हाडं काऊन दुखून राह्यले?"

पत्रूभाऊ नेटवर्क शोधायला टेकडीवर चढला. रिना जानकीला घोट घोट पाणी पाजत राहिली. गप्प राहता आलं असतं. तिथं कोणालाच काही कळलं नसतं. पण तिने सांगितलं की कार्ड चुकीचं आहे, आजार तुलेच आहे, आणि हे चुकलं ते माझ्या हातून.

जानकीने डोळे मिटून घेतले. ती हळूच म्हणाली, "कार्ड भेटलं तवा मले लय बरं वाटलं होतं. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या."

ॲम्ब्युलन्स रस्त्यापर्यंत यायला दोन तास लागले. माहेरच्या चार माणसांनी जानकीला खाटेसकट रानातून उचलून तिथवर नेलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. अकराव्या दिवशी मुलगी झाली, वजन पावणेदोन किलो. ती काचेच्या पेटीत होती तितके दिवस रिनाचा फोन वाजला की उचलायला तिचा हात पुढे होत नसे. मायलेकी दोघी घरी गेल्या, त्या दिवशी ती ऑफिसच्या मागे जाऊन पोटभर रडली.

स्किल तिने पुसून टाकलं नाही. पत्रूभाऊला शेजारी खुर्ची दिली आणि तो सांगेल तसं नव्याने लिहीत गेली. एक जानेवारी ही जन्मतारीख धरायची नाही. बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव नसेल तर नोंद पुढे न्यायची नाही, अडवून ठेवायची. कोणत्याही दोन नोंदी आपल्या मनाने एक करायच्या नाहीत. थांबायचं, आणि त्या गावाच्या कार्यकर्त्याला विचारायचं. एका नोंदीत आजार आहे आणि दुसरीत नाही, अशी गाठ पडली तर काम तिथंच बंद करायचं. नवी फाइल तिने बनावट नावांच्या यादीवर सात वेळा चालवून बघितली. मगच लोकेशला पाठवली आणि जुनी त्याने पुसली का, हे फोनवर त्याच्या तोंडून वदवून घेतलं.

एकसष्ट जोड्या तपासायला महिना गेला. सत्तेचाळीस ठिकाणी माणूस खरंच एकच निघाला. चौदा ठिकाणी माणसं दोन होती. त्यातली तेरा घरं रिनाने आणि पत्रूभाऊने दारात जाऊन गाठली. कोणाला गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या, कोणाची हात जोडून माफी मागितली. एका म्हाताऱ्याने हाकलूनही दिलं.

चौदावा राहिला. एकवीस वर्षांचा, पूर्ण आजाराचा, खिशात तेच पांढरं कार्ड घेऊन मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. कोणत्या गावी, हे त्याच्या घरच्यांना ठाऊक नाही. त्याला घेऊन गेलेल्या मुकादमाचा नंबर मिळाला आहे, तो लागतो पण कोणी उचलत नाही. रिना रोज सकाळी ऑफिस उघडलं की संगणक सुरू करण्याआधी तो नंबर लावते आणि घंटी वाजायची थांबेपर्यंत कानाला धरून उभी राहते.