औषधाआधीची नळी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — पण थांबत थांबत सांगावी लागेल.

मी अंबडच्या एका प्रयोगशाळेत काम करते. दम्याचं स्टेरॉइड ओढलं की रक्तात अगदी नावापुरतं उतरतं. ते नावापुरतं मोजायचं, हे माझं काम. आमचं मशीन बोटाला लागलेलं औषधही पकडतं. म्हणून ते औषध घेणाऱ्यानं नमुन्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा नियम. आणि मी? मी दिंडोरीची. द्राक्षांवर फवारणी सुरू झाली की छाती भरते, त्याच औषधाचा पंप कायम पर्समध्ये. नोकरीच्या फॉर्मवर मात्र लिहून दिलं होतं — दमा नाही. काम हातचं जाईल ही भीती होती.

त्या सकाळी जिन्यात पंप ओढला. हात धुतले का? नाही. तसेच हातमोजे चढवले आणि नमुने नळ्यांत भरले.

त्यात किसनचे होते. घोटीकडचा, भातशेतीवाला, धडधाकट माणूस, या औषधाच्या चाचणीत स्वयंसेवक. गावातल्या चौघांना त्यानंच शब्द देऊन आणलं होतं. दुसऱ्या फेरीला ते आले तोवर निकाल लागला होता. औषध देण्याआधी काढलेल्या किसनच्या रक्तात औषध निघालं होतं. राखीव नळी तपासली, तिच्यातही. ती तरी कुणी भरली होती? मीच.

आकडा पाहताच मला कळलं होतं, हे माझ्याच हातचं औषध. तरी चाचणीच्या साहेबांनी अहवाल दाखवायला बोलावलं तेव्हा मी फाइल घेऊन गेले. चोरून औषध घेऊन आलास म्हणत त्यांनी चौघांदेखत त्याला खोटारडा म्हटलं, नाव यादीतून काढलं. मी शेजारी उभी. एक वाक्य पुरलं असतं — नाही निघालं. आजही त्या गप्प राहण्याची लाज वाटते. पण खरं पुढचं आहे.

साहेब गेल्यावर तो माझ्याकडे आला. "ताई, मी काय बी घेतलं नाय." मग जरा घुटमळला. "बायकोनं खोकल्याची पुडी दिली व्हती. नुसता अडुळसा हाय म्हनली. त्यात असंल का?"

अडुळशात ते नसतं, हे मला माहीत होतं.

"असेल," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, माझे आभारही मानले. घरी जाऊन त्यानं तिला विचारलंच असेल. नुसता अडुळसाच होता म्हणून तिनं पोरांची शपथ घेतली असेल. आणि त्यानं शब्द खरा धरला असेल, तो माझा.