बॉनेटखालची गाठ

आमची आठशे सीसीची गाडी सेकंडहँड होती, आणि ती घ्यायचं कारण एकच, बाबांचा दम. तीस वर्षं त्यांनी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांवर काम केलं आणि ती सगळी धूळ छातीत घेऊन ते निवृत्त झाले. महिन्यातून एकदा त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावं लागे. एसटीची रेटारेटी त्यांना सोसेना. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि मास्तरच्या पगारात बसेल अशी तेवढी एकच गाडी होती.

पहिलं वर्ष तिनं काही कुरकूर केली नाही. दुसऱ्या वर्षी मात्र रेल्वेच्या पुलाचा चढ आला की ती रडायला लागली. बाबा, आई, बायको आणि मी असे चौघं बसलो की अर्ध्या चढावर, पहिल्या गिअरमध्येसुद्धा, आचके देऊन बंद. मागून ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवूनच बसत. मी चावी फिरवतोय तोवर मागचं दार उघडलेलं असे.

"तू घे वर, मी येतो हळूहळू," बाबा म्हणत आणि उतरून चालायला लागत.

आई आणि बायकोही उतरत. हलकी झालेली गाडी मी कशीबशी वर नेऊन उभी करायचो आणि आरशात बघत बसायचो. बाबा चार पावलं टाकत, कठडा धरून थांबत, परत चार पावलं टाकत. ज्या माणसाला चालावं लागू नये म्हणून गाडी घेतली, तोच माणूस गाडी चढावी म्हणून चालत होता. मला गाडीचा राग यायचा, ट्रकवाल्यांचा यायचा, आणि माझा तर फारच. मी ठरवलं, काहीही करून हिची ताकद वाढवायची.

आमच्या स्टाफरूममध्ये स्वतःची गाडी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. एकानं टायर रुंद करायला सांगितले. दुसऱ्यानं पेट्रोलमध्ये टाकायचं कसलंसं औषध आणून दिलं. त्यानं फक्त धुराचा वास बदलला. तिसऱ्याच्या सांगण्यावरून मी नागपूरच्या भंगारबाजारातून रेसच्या गाडीला शोभेल असा जाडजूड सायलेन्सर आणून बसवला. गल्लीत शिरताना कुत्री पळायला लागली. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते.

"आवाज तं ट्रकचा आला बाप्पा," ते म्हणाले. "ताकद कवा येते?"

पुढच्या महिन्यात गाडी पुलावर मोठ्यानं गर्जना करत बंद पडली. बाबा उतरले.

शेवटी कुणीतरी नालवाडीच्या एका मिस्त्रींचं नाव सांगितलं. रविवारी मी एकटाच गेलो. टिनाच्या शेडखाली ते एका जीपचं चाक काढत होते. मी गेल्यागेल्या मागणी मांडली: पिकअप वाढवून द्या, पण खर्च बेतानं. त्यांनी हात पुसले, गाडी सुरू करून कान दिला, सायलेन्सरकडे पाहून हसू दाबलं.

"सर, ताकद मंग वाढवू. जे हाय ते कुठी गळून राह्यलं, ते तं आधी पाहू द्या."

त्यांनी बॉनेट उघडलं. एअर फिल्टरला हवा ओढून घेणारी एक जाड नळी असते. तिच्या तोंडावर धोतराचं फडकं बांधलेलं होतं. चार पदरी, धुळीनं आणि तेलानं काळंकुट्ट, चामड्यासारखं कडक झालेलं. वर सुतळीचे दोन वेढे आणि उलटी ओढलेली गाठ. कापसाच्या बोऱ्याचं तोंड बांधतात ती गाठ. आमच्या घरात ती बांधणारा एकच माणूस होता.

हंगामात आमच्या मोहल्ल्यात जिनिंगमधली कापसाची म्हस, म्हणजे बारीक तंतूंची धूळ, हवेतून उडत यायची, अन्नावर, अंथरुणावर बसायची. म्हणून आमच्याकडे माठापासून रेडिओपर्यंत प्रत्येक वस्तूच्या तोंडावर फडकं बांधलेलं असे. दर शनिवारी गाडी पुसायचं काम बाबांचं होतं. त्यांनी तिलाही घरातलीच एक धरली. आणि मी, दरवर्षी आठवीच्या वर्गात पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवून हवेचं महत्त्व शिकवणारा, मी दोन वर्षांत एकदाही बॉनेट उघडून पाहिलं नव्हतं.

मला ओरडावंसं वाटलं. मिस्त्रींनी ती गाठ अंगठ्यानं चाचपली.

"कोन होतं जिनिंगमधी?"

"बाबा."

"माहा बापबी होता," ते म्हणाले, आणि फडकं कापलं नाही, गाठ सोडून काढलं.

मग त्यांनी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, टायमिंग मिळवलं, धरून बसलेला मागचा ब्रेक मोकळा केला. नवीन सामान म्हणजे फिल्टर आणि प्लग, बस्स. निघताना त्यांनी शेडमधल्या जुन्या मच्छरदाणीचा एक तुकडा कापून माझ्या हातात दिला.

"घरी जाऊन बोलजा नका त्याईले. हे द्या बांधाले. हवा जाते, कापूस अडते."

त्या माणसाचे उपकार मी आजवर विसरलो नाही. ते बोलले नसते तर मी त्या दिवशी घरी काय बरळलो असतो, ते मला पक्कं ठाऊक आहे.

पुढच्या खेपेला पुलाचा चढ आला. आरशात पाहिलं, बाबांचा हात सवयीनं दाराच्या खटक्यावर होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढायला लागली. अर्धा चढ गेला. बाबांनी हात काढला नाही. माथा आला, उतार लागला, तेव्हा कुठे त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"पाह्यलं?" ते आईला म्हणाले. "म्या तिच्या नाकाले फडकं बांधलंतं. कापूस आत गेला नाई, म्हून टिकली."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी समोर रस्त्याकडे पाहत होतो.

"हाव बाबा. पण ते लय जुनं झालंतं. म्या काढलं. नवं कापड आनलं, तुम्हीच बांधून द्या."

"देतो ना," बाबा म्हणाले. मग थोडा दम घेऊन, सहज म्हणावं तसं म्हणाले, "आमच्या नाकाले तवा कोनं बांधलं नाई. मनलं, हिच्या तं बांधू."

दवाखान्याच्या आवारात मी बॉनेट उघडून धरलं. बाबांनी मच्छरदाणीचा तुकडा उजेडात धरून पाहिला, नळीवर ताणला, दोन वेढे दिले, गाठ उलटी ओढली आणि पक्की झाली का ते दोनदा ओढून पाहिलं. त्यानंतर चार वर्षं ते त्या गाडीत बसले. पुलावर पुन्हा कधी उतरले नाहीत.