पश्चिमेच्या भिंतीतली खिडकी

कल्पना करा, तुमच्यासमोर ड्रॉइंग बोर्डावर दुधी रंगाचा ट्रेसिंग पेपर ताणून बसवला आहे. त्याखाली साहेबांनी पेन्सिलने काढलेलं स्केच आहे. वरून शाईच्या पेनाने त्यातली एकेक रेघ गिरवायची. तळहात टेकायचा नाही, घामाचा थेंब पडू द्यायचा नाही, आणि बाहेर मे महिन्यातलं जळगाव आहे. रेघ चुकलीच तर ब्लेडने शाई हलकेच खरवडायची. एका जागी दोनदा खरवडलं, तर कागदाला भोक पडतं आणि आठ दिवसांची मेहनत कचऱ्यात जाते.

सुकदेव हे काम करायचा. पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातून तो आयटीआय करून आला आणि आर्किटेक्ट देवरे साहेबांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटला. आई गेल्यावर गावाकडे जाणंही थांबलं. भाड्याची खोली, खानावळीचा डबा, भिंतीवर बुद्धाची तसबीर. ऑफिसात शेजारच्या बोर्डावर मगन बसायचा. तो म्हणायचा, "सुकदेवभाऊ, दिवसभर खिडक्या काढतोस, एखादीतून डोकावून तरी बघ. बायको दिसेल."

सुकदेव हसायचा आणि पेन पुसायचा.

शहाऐंशी साली ऑफिसला मोठं काम मिळालं. शहराच्या मध्यावर दहा मजली सरकारी कचेरी. जागा चिंचोळी, म्हणून इमारत उंच. देवरे साहेबांनी सगळ्यांना बोलावून स्केच दाखवलं. पश्चिमेची भिंत खालपासून वरपर्यंत बंद, एकही खिडकी नाही. जिना त्या भिंतीला लागून. साहेब म्हणाले, "खान्देशातलं ऊन पश्चिमेकडून आत शिरतं. त्याला इथे दारच ठेवायचं नाही." सगळ्या इमारतीचा विचार त्या एका भिंतीत होता.

पहिल्यापासून दहाव्यापर्यंत मजले सारखे, म्हणून त्यांचा नकाशा एकच. तो सुकदेवकडे आला. जिन्याच्या वळणावरची भिंत त्याची आधीच एकदा चुकली होती, जाडी कमी पडली होती. ती खरवडून त्याने नव्याने काढली. आयटीआयमध्ये मास्तरांनी दोन वर्षं घोकून घेतलं होतं, जिन्याचं वळण आलं की उजेडाला खिडकी. हात त्याच सवयीने चालला. शाई वाळल्यावर त्याने पाहिलं, तर बंद भिंतीत खिडकीच्या बारीक रेघा उभ्या होत्या.

खरवडायला कागद उरला नव्हता. सांगावं, तर प्रिंट दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. तो गप्प राहिला.

इतकंच असतं, तर ती चूक म्हणून सुटली असती. पण मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीचं बाहेरून दिसणारं उभं दृश्यही त्यालाच काढायचं होतं. तिथे ती खिडकी गाळली असती, तर दोन नकाशे जुळले नसते आणि चोरी लगेच उघडी पडली असती. म्हणून त्याने साहेबांच्या कोऱ्या भिंतीवर एकाखाली एक दहा खिडक्या काढल्या. यावेळी हात सवयीने चालत नव्हता. आणि खरं सांगायचं तर, त्या त्याला छान दिसल्या.

देवरे साहेब सह्या करायला आले. चष्मा कपाळावर सरकवून कागदावर वाकले. बोट रेघांवरून फिरत फिरत जिन्यापाशी आलं आणि तिथेच राहिलं. बाहेर फोन वाजत होता. साहेबांनी सही केली आणि फोन घ्यायला गेले.

एक्क्याण्णव साली इमारत उभी राहिली. उद्घाटनाचं आमंत्रण साहेबांना होतं, बोर्डावरच्या माणसांना नव्हतं. साहेब जाऊन आले, पण खिडक्यांचा विषय त्यांनी तेव्हाही काढला नाही आणि बांधकाम चालू असतानाही काढला नव्हता. सुकदेव नंतर एका कामाच्या दिवशी एकटाच गेला आणि जिना चढू लागला. चौथ्या मजल्याच्या वळणावर झाडू बाजूला ठेवून एक बाई भाकरी खात बसली होती. भिकुबाई तिचं नाव, तिनेच सांगितलं.

"कोणाकडे जायचं शे, भाऊ? साहेब जेवाले गया."

"कोणाकडे नाही. असंच बघायला आलो."

"जिना बघाले?" ती हसली आणि तिने खिडकीखालची पायरी दाखवली. "मग बस. आठे वारा चांगला शे. आम्ही बठ्ठ्या बाया आठेच डबा खातस."

तो बसला. खिडकीतून खालचा रस्ता, टांगे आणि दूरवर केळीच्या बागांचा हिरवा पट्टा दिसत होता.

"ही खिडकी कोणी ठेवी, काय माहीत," भिकुबाई म्हणाली. "चांगला माणूस व्हई."

सुकदेवच्या ओठांवर आलं होतं. पण काय सांगणार? साहेबांनी पाहून सही केली असेल, तर खिडकी हक्काने सुकदेवची. सही करताना पाहिलीच नसेल, तर आपल्या साहेबांच्या भिंतीला त्याने दहा भोकं पाडली होती. त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि उतरला.

विचारायचं त्याने रोज ठरवलं आणि रोज टाळलं. मग त्र्याण्णवच्या हिवाळ्यात देवरे साहेबांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. सुकदेव भेटायला घरी गेला. साहेबांच्या पत्नी सुनंदाबाई चहा करायला आत गेल्या, तेव्हा तो खुर्ची पलंगाजवळ ओढून बसला.

"साहेब, कचेरीच्या जिन्यात खिडकी आहे. तुमच्या स्केचमध्ये नव्हती. माझ्या हातून झाली. सही करताना तुम्ही पाहिली होती का?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. तोंडाची चालती बाजू हळूच वर गेली. ते हसले.

तेवढ्यात सुनंदाबाई कप घेऊन आल्या. "ओळखलं वाटतं तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि मग हलक्या आवाजात, "पण मनाला लावून घेऊ नका हो. सकाळी दूधवाल्याकडे बघूनही असेच हसले."

तो चालत खोलीवर आला. चावी लावायची सोडून बराच वेळ दारात उभा राहिला. सहीच्या त्या दिवशी फोन वाजत होता, बोट जिन्यापाशी थांबलं होतं. त्या घटकेला साहेब खिडकी बघत होते, की नुसता फोन ऐकत होते?